वरच्या ओठाखालचा पांढरा पट्टा: निकोटीन पाउचचं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय २७. राहायला कांदिवलीला चारकोपमध्ये, नोकरी मालाडला एका बॅक ऑफिसमध्ये, कायमची रात्रपाळी. तक्रार अशी की थंड पाणी तोंडात घेतलं की वरच्या उजव्या सुळ्यात सणकन कळ जाते. सेन्सिटिव्हिटीची टूथपेस्ट वापरून झाली होती, फरक नव्हता. सोबत आई आली होती आणि तिची तक्रार वेगळीच: "डॉक्टर, ह्याचा दात लांब दिसायला लागलाय. फोटोत कळतं हो. आता स्थळं बघायला घेतलीत आम्ही." काकू माझ्या जुन्या पेशंट, त्यामुळे मुलाशी माझं अरे-तुरेच आहे. त्याला इथे सुमेध म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे.

केसपेपरवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: तंबाखू नाही, सुपारी नाही, सिगारेट सोडली. तिन्ही उत्तरं खरी होती. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच. रुग्ण काही लपवत नव्हता. आपण विचारतो ते प्रश्न वीस वर्षांपूर्वीच्या तोंडांसाठी केलेले आहेत.

तोंडात काय दिसलं

दात काही लांब होत नाही, हिरडी मागे सरकते आणि मूळ उघडं पडतं. सुमेधच्या उजव्या सुळ्यावर हिरडी ३ मिलिमीटर वर सरकली होती, शेजारच्या पटाशीच्या दातावर २ मिलिमीटर. डाव्या सुळ्यावर जेमतेम १. दातांच्या फटींतली हिरडी शाबूत, एक्स-रेत दोन दातांमधलं हाड पूर्ण उंचीचं. म्हणजे पायोरिया नव्हे. दात आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली सगळीकडे २-३ मिलिमीटर.

अशा वेळी पहिला संशय ब्रशवर जातो. मुंबईत दात घासणं म्हणजे बाथरूमची फरशी घासणं अशा समजुतीने घासणारे पुष्कळ आहेत. पण उजव्या हाताने घासणाऱ्याचा जोर सहसा डाव्या सुळ्यावर आणि त्याच्या मागच्या दाढांवर पडतो. सुमेध उजव्या हाताने घासतो आणि सरकलेली हिरडी उजवीकडे. मुळाच्या मानेशी ब्रशने पडतात तशा खाचाही नव्हत्या. शाळेत असताना तारा लावल्या होत्या का, तर नाही. ओठाची दोरी हिरडी ओढते आहे का, तर तसंही नाही.

दुसरी खटकलेली गोष्ट म्हणजे रक्त. मागच्या दातांवर पिवळट थर चांगलाच साचला होता, आणि असा थर असलेली हिरडी प्रोब, म्हणजे हिरडी मोजायची बारीक सळई, लावला की रक्त देते. इथे दोन-तीन ठिकाणं सोडली तर काहीच नाही. हिरडी फिकट, घट्ट, दिसायला निरोगी. थर एवढा आणि रक्त इतकं कमी, हे गणित सिगारेट ओढणाऱ्यांच्या तोंडात ओळखीचं असतं. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, सूज आतल्या आत राहते आणि रुग्णाला जाग आणणारी खूण, म्हणजे बेसिनमधलं लाल पाणी, दिसतच नाही. पण ह्याने तर सिगारेट दहा महिन्यांपूर्वी सोडलेली.

मग वरचा ओठ पूर्ण उलटा करून पाहिला. हे मुद्दाम सांगते, कारण इथे शिकलेल्या डेंटिस्टचा हात आपोआप गालाच्या आत आणि खालच्या ओठाच्या खोबणीत जातो. गुटखा, मावा, तंबाखू-चुन्याची गोळी तिथेच बसते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात न ओढता तंबाखू खाणारे प्रौढ २४.४ टक्के निघाले आणि ओढणारे फक्त ३.८ टक्के. त्यामुळे आपली नजर खाली आणि मागे तयार झालेली आहे. वरच्या ओठाची खोबणी आपण पाहतो ती इंजेक्शन देताना, तेही सुईच्या टोकाकडे लक्ष ठेवून.

उजव्या सुळ्याच्या वर, खोबणीत, साधारण १२ बाय ८ मिलिमीटरचा पांढुरका पट्टा होता. त्यावर दुधाच्या सायीसारख्या बारीक सुरकुत्या. गॉजने पुसला, निघाला नाही. म्हणजे बुरशी नव्हे. ओठ ताणला तरी पुरता नाहीसा झाला नाही. बोटाने दाबून पाहिला तर मऊ, कुठे टणकपणा नाही, जखम नाही, लाल ठिपके नाहीत. लायकेन प्लेनस हा अस्तराचा आजार बहुधा दोन्ही बाजूंना आणि जाळीदार रेघांचा असतो, तसा हा नव्हता. दातदुखीवर लवंगतेलाचा बोळा किंवा गोळीच हिरडीवर दाबून धरणारे लोक आपल्याकडे आहेत आणि त्यानेही असा पांढरा भाग होतो, पण तो भाजल्यासारखा, सोलणारा आणि दुखरा असतो. इथे दुखत काहीच नव्हतं.

पट्टा आणि सरकलेली हिरडी अगदी एकाखाली एक. काहीतरी तिथे रोज ठेवलं जात होतं.

"पण मॅडम, हे टोबॅको-फ्री आहे"

"काकू, एक्स-रे काढायचाय, जरा बाहेर बसता?" असं म्हणून आईला बाहेर बसवलं. एक्स-रे आधीच काढून झाला होता. सत्तावीस वर्षांचा मुलगा आईसमोर काय बोलणार?

"ओठाखाली काही ठेवतोस का रे?"

त्याने सहज खिशात हात घातला आणि चपटी गोल प्लास्टिकची डबी काढून ट्रेवर ठेवली. चेहऱ्यावर अपराधी भाव अजिबात नाही. झाकणात आणखी एक छोटा कप्पा होता, वापरलेले पाउच टाकायला. आत पांढरेशुभ्र, च्युइंगगमच्या गोळीहून थोडे मोठे पाउच, पुदिन्याचा वास. "पण मॅडम, हे टोबॅको-फ्री आहे. मी ह्याच्यावरच सिगारेट सोडली."

सुरुवात ऑफिसातच झालेली. इमारतीत सिगारेटला मनाई, खाली उतरून ओढायची तर लॉगिनचा वेळ जातो. परदेशाहून आलेल्या सहकाऱ्याने एक डबी दिली. डेस्कवर बसून चालतं, धूर नाही, वास नाही, थुंकायचं नाही, मिटिंगमध्ये कॅमेरा चालू असला तरी कुणाला कळत नाही. नंतर फोनवरच्या एका ग्रुपवरून मागवायला लागला. सुरुवातीला डबीवर ६ मिलिग्रॅमचा आकडा होता, आता दहाच्या पुढचा. दिवसाला किती? "दहा-बारा होतात." एक पाउच किती वेळ? "चाळीस मिनिटं तरी."

कागदावर त्याच्यासमोर गुणाकार केला. बारा पाउच, प्रत्येकी चाळीस मिनिटं: आठ तास. एक अख्खी पाळी. रोज, त्याच एका जागी, कारण तिथे "बरोबर बसतो". हिरडीचा तो पातळ पदर दिवसाचा तिसरा हिस्सा ओल्या, अल्कधर्मी, निकोटीन सोडणाऱ्या पाउचला चिकटून राहत होता. डबीवरचा आकडा ऐकून तो कधी हलला नव्हता. आठ तासांवर मात्र थांबला.

पुढचा प्रश्न व्यसनाचा. उठल्यावर पहिला पाउच कधी? "ब्रशच्या आधी." निकोटीनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं, त्यामुळे सहा-सात तासांच्या झोपेनंतर शरीर रिकामं झालेलं असतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर व्यसन पक्कं धरायचं. सुमेधला पाच मिनिटंही धीर नव्हता.

चुन्याचं काम कोण करतं

आता घरची गोष्ट सांगायला हवी. सुमेधचे वडील बेस्टमधून निवृत्त झालेले. सुपारी, तंबाखू, चुना, आयुष्यभर. आज त्यांचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. वरण-भात चमच्याने जातो, भाकरी कुस्करून. हे बघत मोठा झालेल्या मुलाने ठरवलं होतं की तंबाखूला शिवायचं नाही, आणि ते त्याने पाळलं. सिगारेट त्याच्या मते वेगळी गोष्ट होती. पाउच तर आणखीच वेगळी.

त्याला मी चुन्याबद्दल विचारलं. वडील तंबाखूला चुना का लावतात? "चव?" नाही. निकोटीन आम्लधर्मी किंवा साध्या लाळेत बहुतांशी विद्युतभारित रूपात असतं आणि ते रूप तोंडाच्या अस्तरातून सहज आत शिरत नाही. पीएच आठच्या वर नेला की ते मोकळ्या, भार नसलेल्या रूपात येतं आणि अस्तर ओलांडून थेट रक्तात जातं. तळहातावर चुना मळला जातो तो यासाठी. पाउचमध्ये चुना नसतो. सोडियम कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट असतं, घटकांच्या यादीत "आम्लता नियंत्रक" अशा निरुपद्रवी नावाने. काम तेच. बाकी पाउच म्हणजे वनस्पतीचा तंतू, निकोटीनचा क्षार, कृत्रिम गोडी आणि सुगंध. तंबाखूचं पान नाही हे खरं. ज्यासाठी पान खाल्लं जायचं ते मात्र आहे, आणि ते आत ढकलणारी युक्तीही.

हे ऐकून तो हसला. "म्हणजे बाबांचंच व्हर्जन टू?" तसं नाही, आणि ते त्याला तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. वडिलांच्या तोंडाला जखडलं ते मुख्यतः सुपारीने; तंबाखूच्या पानात कर्करोग घडवणारी नायट्रोसामाइन्स असतात. पाउचमध्ये सुपारी नाही, आणि ही द्रव्यं पानाच्या मानाने नगण्य असतात. निकोटीन हे स्वतः आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या कर्ककारकांच्या यादीत नाही. पाउचमुळे तोंडाचा कर्करोग होतो असं आज कुणी सिद्ध केलेलं नाही. होत नाही असंही केलेलं नाही, कारण आजच्या स्वरूपातले हे पाउच बाजारात येऊन दहा-बारा वर्षंच झाली आहेत आणि तोंडाचा कर्करोग त्याहून जास्त वेळ घेतो.

आमच्या व्यवसायात काहींना रुग्णाला घाबरवल्याशिवाय सल्ला दिल्यासारखं वाटत नाही. कर्करोगाचे फोटो दाखवायचे आणि हात झटकायचे. सुमेधसारखा मुलगा तिथल्या तिथे फोनवर शोधतो, डॉक्टरने वाढवून सांगितलं हे त्याला कळतं, आणि मग हिरडीबद्दल खरं सांगितलेलंही तो बाजूला टाकतो. उलट टोकाला "सिगारेटपेक्षा बरं ना, चालू दे" म्हणणारेही आहेत. सिगारेटपेक्षा बरं हे फुफ्फुसाच्या डॉक्टरने म्हणावं. हिरडीला धूर आणि पाउच यांतली निवड करायची नसते, दोन्ही तिच्याच अंगावर येतात.

त्याचा शेवटचा मुद्दा: "अमेरिकेच्या एफडीएने पास केलंय." एफडीए म्हणजे तिथलं अन्न व औषध प्रशासन. अर्धं बरोबर. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी एफडीएने झिन ह्या ब्रँडच्या २० प्रकारांना विक्रीची परवानगी दिली. सिगारेट किंवा तंबाखू आधीच वापरणारे प्रौढ जर पूर्णपणे इकडे वळले तर त्यांचा धोका कमी होईल, असा तो हिशोब होता. ही परवानगी म्हणजे सुरक्षिततेचा शिक्का नव्हे, हे त्या खात्याने त्याच वेळी सांगितलं. आणि व्यसन सोडवण्याचं औषध म्हणून तर ती नव्हतीच. सुमेधच्या खिशातली डबी ह्या वीसांतलीही नव्हती.

आपल्याकडचं चित्र विचित्र आहे. २००३ चा कायदा तंबाखूच्या उत्पादनांसाठी. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे, ती अन्नसुरक्षेच्या नियमांतून, कारण अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालायला मनाई आहे. २०१९ चा कायदा ई-सिगारेटसाठी. पाउचमध्ये पान नाही, तो गिळायचा पदार्थ नाही आणि ओढायचं यंत्रही नाही. अशा फटीतून तो कुरिअरने चारकोपला येतो.

काय करायचं ठरलं

पांढऱ्या पट्ट्यासाठी मी स्वीडनमधली जुनी मोजपट्टी वापरली. तिथे स्नस, म्हणजे ओठाखाली ठेवायची ओलसर तंबाखू, पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि अॅक्सेल व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये त्याच्या डागांचे चार दर्जे पाडले. पहिल्यात नुसती हलकी सुरकुती, चौथ्यात जाड पिवळट-तपकिरी पापुद्रा आणि खोल लाल चिरा. मोजपट्टी स्नसची आहे, पाउचची नाही, एवढं लक्षात ठेवून मी ह्याला दुसरा दर्जा दिला. फोटो काढला, शेजारी प्रोब धरून, म्हणजे पुढच्या वेळी माप जुळवता येईल. स्नसचे असे डाग जागा मोकळी केली की बहुधा जातात. म्हणून बायोप्सी लगेच नाही. दोन आठवडे तिथे काहीही ठेवायचं नाही. तरी पट्टा तसाच राहिला तर तुकडा तपासायला पाठवायचा. ह्या दोन आठवड्यांच्या नियमात सूट नाही, मग तोंड सत्तावीस वर्षांचं असो वा सत्तरचं.

उघड्या मुळावर फ्लोराइड वार्निश लावलं. हे फक्त कळ कमी करायला नव्हतं. पाउचने तोंड कोरडं पडत होतं आणि रात्रभर गोड चहा आणि कोला चालू होता. दाताच्या कवचापेक्षा मूळ फार लवकर किडतं; ज्या सौम्य आम्लाला कवच दाद देत नाही त्यात मूळ विरघळायला लागतं. मऊ ब्रश, पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट, पाळीत साधं पाणी. एवढं पटकन झालं.

दोन आठवड्यांनी सुमेध आला. उजवा पट्टा जवळपास गेलेला, फिकट सावली उरलेली. मी खूश. मग सवयीने डावी बाजू उलटली. तिथे नवा कोरा पांढुरका पट्टा.

"तुम्ही म्हणालात तिथे ठेवू नको. मी तिथे ठेवलंच नाही."

रागवायचं कशाला? निदानाच्या दृष्टीने ह्याहून चांगला पुरावा मिळाला नसता. एकीकडून काढलं तर गेलं, दुसरीकडे ठेवलं तर उगवलं. बायोप्सीची गरज उरली नाही. त्याने आरशात दोन्ही बाजू स्वतः पाहिल्या, आणि मला वाटतं, सोडायचा विचार त्याच्या डोक्यात शिरला तो तिथे.

आता खरं काम. नुसतं "सोड" म्हणणं हा उपचार नव्हे. हिरडीला सूज असली तर आपण "सूज घालव" म्हणून रुग्णाला घरी पाठवत नाही. पाउच सोडवण्यासाठी खास असं प्रस्थापित औषध नाही. न ओढायच्या तंबाखूसाठी जी पद्धत वापरतो तीच इथे वापरली. त्याच्या फिजिशियनशी बोलले, रक्तदाब पाहिला, आणि त्वचेवर लावायचा निकोटीनचा पॅच सुरू केला, जो आठवड्यांगणिक कमी करत आणायचा. अचानक तलफ आली तर २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम. हा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमचा हवा असेल तर चिठ्ठी लागते.

"मग गममध्येपण निकोटीनच ना?" प्रश्न रास्त होता. हो, निकोटीनच. फरक असा की मात्रा ठरलेली आहे, ती कमी करत शून्यावर आणायची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली आहे, आणि बहुतेक निकोटीन त्वचेतून जातं, हिरडीला सुट्टी मिळते. म्हणूनच ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००९ पासून आहेत आणि आपल्या राष्ट्रीय यादीत २०२२ मध्ये आली. गम कसा वापरायचा हेही दाखवावं लागलं. तो साध्या च्युइंगगमसारखा चघळत राहायचा नाही. चार-पाच वेळा चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात थांबवायचा, त्या ओसरल्या की पुन्हा चावायचा, आणि दर वेळी जागा बदलायची. त्याआधी पंधरा मिनिटं कोला किंवा कॉफी नको, कारण आम्लात निकोटीन शोषलंच जात नाही. चुन्याचं गणित उलटं.

पॅचच्या पाकिटावर "सकाळी लावा" असतं. सुमेधची सकाळ दुपारी तीनला होते. त्याप्रमाणे तीनला लावायचा आणि झोप बिघडली तर झोपताना काढायचा, असं लिहून दिलं. रात्रपाळीवाल्यांना अशी साधी गोष्ट कुणी सांगत नाही.

तलफ पहाटे साडेतीनच्या सुमारास यायची. टीममधल्या कुणीतरी उपाय म्हणून गोड सुपारीची पुडी पुढे केली. हे त्याने सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. पाउच सोडून सुपारी धरणं म्हणजे वडिलांच्या वाटेवर चालत जाणं. तंबाखूशिवायची सुपारीदेखील कर्करोग घडवते हे २००४ मध्येच ठरलेलं आहे, आणि तोंड आखडतं तेही तिनेच. बडीशेप, लवंग, शुगर-फ्री गम, काहीही चालेल. सुपारी कुठल्याच रूपात नाही.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा नंबर, १८००-११-२३५६, त्याच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह करायला लावला. २०१८ पासून मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र आहे. आणखी एक गोष्ट सांगितली, ती दातांची नव्हती. बहिणीचं दोन वर्षांचं मूल त्यांच्या घरी असतं आणि डबी उशीपाशी पडलेली असते. पुदिन्याच्या गोळीसारखा दिसणारा एक पाउच मुलाने गिळला तर हॉस्पिटल गाठावं लागेल. त्या संध्याकाळपासून डबी कपाटाच्या वरच्या खणात गेली. घरातला पहिला बदल तो.

हिरडी परत येत नाही

सोडल्यावर तिसऱ्या आठवड्यात फोन आला. "मॅडम, आता ब्रश करताना रक्त यायला लागलं. आधी येत नव्हतं." हे होणार हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तो नुसतं विचारत होता, नाहीतर पाउचच हिरडीला मानवत होता असं म्हणून पुन्हा सुरू झाला असता. रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या की दबलेली सूज दिसायला लागते. त्याच आठवड्यात दात साफ करून घेतले आणि पुढे रक्त थांबलं.

तीन महिन्यांनी दोन्ही बाजूंचं अस्तर गुलाबी, सुरकुती नाही. सुळ्यावरचे ३ मिलिमीटर मात्र ३ मिलिमीटरच. काकूंना हे समजावणं अवघड गेलं. "आता सोडलंय ना त्याने, मग भरून येईल की." नाही येत. डाग जातो, सरकलेली हिरडी आपणहून खाली येत नाही. टाळूतून पेशीजालाचा तुकडा घेऊन तिथे शिवता येतो, त्याला ग्राफ्ट म्हणतात, आणि दोन दातांमधलं हाड शाबूत असल्यामुळे सुमेधला त्याचा चांगला उपयोग होण्यासारखा होता. काकूंना ते साखरपुड्याच्या आत हवं होतं. मी नाही म्हटलं. लावलेला तुकडा जगतो तो आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांवर, आणि निकोटीन त्यांनाच आकसवतं. सिगारेट ओढणाऱ्यांत ही शस्त्रक्रिया कमी यशस्वी होते हे वर्षानुवर्षं दिसलेलं आहे. पॅच आणि गमही संपू देत, मगच. लाळेतल्या कोटिनिनची, म्हणजे शरीरात निकोटीनपासून बनणाऱ्या द्रव्याची, चाचणीही त्यानंतरच अर्थाची, कारण पॅच लावलेल्या माणसाची ती पॉझिटिव्हच येणार.

तिमाही हिशोबाच्या गर्दीत त्याने एक डबी विकत घेतली, दोन रात्री चालली, मग स्वतःच येऊन सांगितलं. ओरडले नाही. ग्राफ्टची तारीख पुढे ढकलली, एवढंच. साखरपुडा तसाच, ३ मिलिमीटरसह पार पडला आणि फोटोत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सहा महिन्यांनी, चाचणी कोरी आल्यावर, पेरिओडॉन्टिस्टने, म्हणजे हिरड्यांच्या तज्ज्ञाने, ग्राफ्ट केला. सुळ्यावर आता अर्ध्या मिलिमीटरहून कमी मूळ उघडं आहे, कळ नाही. पटाशीच्या दाताला हात लावला नाही.

ह्या प्रकरणानंतर माझ्या केसपेपरवर तंबाखूच्या रकान्याखाली दुसरी ओळ आली आहे: "ओठाखाली, गालात किंवा जिभेखाली निकोटीनचं काही ठेवता का? पाउच, पुडी, स्ट्रिप?" आणि वरचा ओठ दोन्ही बाजूंनी उलटून पाहायचा, हे असिस्टंटच्या तपासणीच्या यादीत आहे. गेल्या महिन्यात सुमेधच्याच टीममधले दोघं आले. एकाच्या डाव्या सुळ्यापाशी पहिल्या दर्जाचा पट्टा, हिरडी जागेवर. त्याला सोडायचं आहे, पॅच सुरू झालाय. दुसऱ्याच्या तोंडात अजून काहीच नाही, दिवसाला तीन पाउच, आणि सोडायचा विचारही नाही. त्याचे फोटो काढून ठेवलेत, हिरडीची मापं लिहिलीत आणि तीन महिन्यांनंतरची तारीख दिली आहे.